घरच्या ध्वनिमुद्रणासाठी कोरी सीडी निवडताना

घरोघरच्या कपाटांत ध्वनिफितींचा जो साठा पडून असतो, त्यातील बराचसा भाग बाजारात कधीच विकला गेलेला नसतो. गणेशोत्सवातील एखादी मैफल, आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या सप्ताहातील कीर्तन, गुरुजींनी शिकवताना सहज गाऊन दाखवलेली बंदिश, अशा ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. कंपनीने काढलेली कॅसेट खराब झाली तर ती शोधून पुन्हा मिळवता येते. ही मिळत नाही. सीडी रायटर मध्यमवर्गीय घरांत पोहोचले तेव्हा, म्हणजे २००० च्या आगेमागे, असे साठे सीडीवर उतरवण्याची लाटच आली. त्या वेळी केलेल्या सीडींपैकी काही आजही स्वच्छ वाजतात, काही मध्येच अडखळतात आणि काहींना प्लेअर ओळखतही नाही. या फरकाचे मूळ अनेकदा कोरी चकती कोणती घेतली आणि ती कशी लिहिली, यात सापडते.

नव्या लॅपटॉपमधून आणि मोटारींतून सीडी हद्दपार झाली असली, तरी यूएसबीने जोडायचे रायटर आणि कोऱ्या सीडी अद्याप मिळतात. ज्यांच्या घरी चांगला प्लेअर आहे असे श्रोते, कार्यक्रमानंतर आपल्या गाण्याच्या प्रती देणारे कलाकार आणि फिती अजूनही उतरवून न झालेले संग्राहक या सर्वांना निवडीचा प्रश्न पडतोच. तो आता पूर्वीपेक्षा अवघडही झाला आहे, कारण उत्तम चकत्या बनवणारे बहुतेक कारखाने बंद झाले आहेत.

चकतीच्या पोटात

दुकानात मिळणारी गाण्यांची सीडी साच्यातून काढलेली असते. तिच्या पॉलिकार्बोनेटमध्ये सूक्ष्म खळगे दाबून उमटवलेले असतात व त्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. घरी लिहावयाच्या सीडी-आर या प्रकारात असे खळगे नसतातच. १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक चकतीत फक्त एक सर्पिल खोबण असते. तिच्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा परावर्तक थर आणि सर्वांत वर संरक्षक लॅकरचा पातळसा लेप. रायटरचा लेसर किरण रंगद्रव्याला ठरावीक ठिकाणी तापवतो. तेथून प्रकाश कमी परत येतो आणि प्लेअरला तो खळगाच भासतो. सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी या प्रकाराची मानके १९८८ मध्ये 'ऑरेंज बुक' नावाने निश्चित केली आणि जपानच्या ताइयो युदेन कंपनीने त्यानुसार पहिली चकती बनवली.

या रचनेचे दोन परिणाम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा की, ध्वनी ज्यावर टिकून आहे तो थर कपड्याच्या रंगासारखाच सेंद्रिय आहे आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो बिघडू शकतो. दुसरा परिणाम पुष्कळांच्या कल्पनेच्या उलट आहे. चकतीची चमकदार खालची बाजू सर्वजण जपतात, पण तिच्यामागे एक मिलिमीटरहून अधिक जाडीचे प्लास्टिक असते. लेबलाच्या बाजूने मात्र रंगद्रव्य व धातू यांच्यावर केवळ लॅकरचा पापुद्रा असतो. खालच्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा घासून काढता येतो. वरच्या बाजूने बॉलपेन रुतले तर तेवढे गाणे कायमचे गेले.

रंगद्रव्ये मुख्यतः तीन प्रकारची. सायनिन हे सर्वांत जुने. चांदीच्या थरावर ते निळसर हिरवे दिसते. लेसरची शक्ती थोडी कमीजास्त झाली तरी ते सांभाळून घेते, म्हणून जुन्या रायटरशी त्याचे चांगले जमते. मात्र मूळ रूपात ते प्रकाशाला हळवे होते आणि पुढे त्यात स्थैर्य देणारी द्रव्ये मिसळण्यात आली. फ्थॅलोसायनिन जवळजवळ रंगहीन असते, त्यामुळे चकती रुपेरी किंवा फिकट हिरवट दिसते. परावर्तक थर सोन्याचा असेल तर ती सोनेरी दिसते. टिकाऊपणात ते उजवे मानले जाते. तिसरे अ‍ॅझो, गडद निळ्या रंगाचे. ते मित्सुबिशी केमिकलचे वैशिष्ट्य होते व व्हर्बेटिम या नावाने घरोघरी पोहोचले. काळ्या किंवा रंगीत चकत्यांचा मात्र रंगद्रव्याशी संबंध नसतो. तेथे प्लास्टिकच रंगवलेले असते आणि लेसरचा अवरक्त प्रकाश त्यातून आरपार जातो. काळ्या सीडीवर आवाज अधिक 'भारदस्त' येतो, ही समजूत दुकानदारांच्या सोयीची आहे, एवढेच.

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००४ मध्ये निरनिराळ्या सीडी-आर तीव्र प्रकाशात आणि उष्ण-दमट हवेत ठेवून तपासल्या. त्यांत फ्थॅलोसायनिन आणि सोने-चांदीच्या मिश्रधातूचा परावर्तक थर असलेल्या चकत्या दोन्ही कसोट्यांवर सातत्याने अधिक टिकल्या. शुद्ध चांदी हवेतील गंधकाने काळवंडते. सोने काळवंडत नाही. सोनेरी चकत्या महाग का होत्या, याचे उत्तर यात आहे. तरीही रंगद्रव्य पाहून निकाल देणे चुकीचे ठरेल. ताइयो युदेनच्या चकत्या सायनिनच्या होत्या, आणि तरीही ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातील अनेकजण वर्षानुवर्षे त्याच मागवत, कारण थराची जाडी, चकतीचा समतोल आणि कडांची बंदिस्ती यांत त्या कारखान्याची सफाई वेगळी होती.

डब्यावरचे नाव आणि कारखाना

ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत होते ती येथे. कोऱ्या सीडीच्या डब्यावर असलेले नाव पुष्कळदा विकणाऱ्याचे असते, बनवणाऱ्याचे नसते. एकच नाव लावलेले दोन डबे दोन वेगळ्या देशांतून आलेले असू शकतात आणि दोन नामांकित कंपन्यांच्या चकत्या एकाच कारखान्यातून निघालेल्या असू शकतात. भारतात याचे ठळक उदाहरण म्हणजे १९८३ मध्ये स्थापन झालेली मोझर बेअर. या कंपनीने १९९९ पासून सीडी-आर बनवण्यास सुरुवात केली आणि काही वर्षांतच जगातील मोठ्या उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. तिच्या कारखान्यांतील चकत्या स्वतःच्या नावाने तर विकल्या गेल्याच, शिवाय परदेशी नावांनीही गेल्या.

तो काळ आता संपला आहे. ताइयो युदेनने २०१५ च्या अखेरीस हा व्यवसाय बंद केला. मोझर बेअरच्या विसर्जनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला. मित्सुबिशीने व्हर्बेटिमचा व्यवसाय तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सला विकण्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. त्यामुळे आज नव्याने बनणाऱ्या सीडी-आर प्रामुख्याने सीएमसी आणि राइटेक या तैवानी उत्पादकांकडून येतात, डब्यावर नाव कोणतेही असो. जुने नाव पाहून जुन्या दर्जाची खात्री बाळगण्यात अर्थ राहिलेला नाही. अ‍ॅझोची चकती हवी असेल तर डब्यावर तसा स्पष्ट उल्लेख आहे का, हे पाहावे, कारण व्हर्बेटिमच्या नावाने इतर रंगद्रव्यांच्या स्वस्त मालिकाही विकल्या गेल्या आहेत.

चकती कोणी बनवली, हे डबा सांगत नसला तरी चकती स्वतः सांगते. कोऱ्या खोबणीतच एक सांकेतिक नोंद आधीपासून असते. तीत चकतीची क्षमता आणि साच्याच्या उत्पादकाचा संकेतांक असतो. संगणकावरील इमेजबर्न किंवा लिनक्समधील के-थ्री-बी यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ही नोंद वाचता येते. शंभराचा स्पिंडल एकदम घेण्यापूर्वी दहा चकत्यांचे पाकीट घेऊन संकेतांक पाहणे आणि एकदोन चकत्या लिहून तपासणे हा शहाणपणाचा मार्ग होय. पुढचा डबा आणल्यावर संकेतांक पुन्हा पाहावा. तो बदललेला आढळला तर नवल नाही.

जुना, सील न फोडलेला साठा घ्यावा का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. 'जुने ते सोने' हा न्याय येथे लागू होत नाही. वर उल्लेख केलेल्या अमेरिकी संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत न लिहिलेल्या चकतीचे आयुष्य ५ ते १० वर्षांचे धरले आहे. रंगद्रव्य कोरे असतानाही म्हातारे होत असते. त्यामुळे कपाटाच्या तळाशी सापडलेला २००८ सालचा डबा मोटारीत ऐकायच्या गाण्यांसाठी वापरावा. एकमेव ध्वनिमुद्रणासाठी नको. ताइयो युदेनच्या नावाने चढ्या किमतीला विकल्या जाणाऱ्या जुन्या चकत्यांनाही हेच लागू आहे.

'म्युझिक' असा शिक्का

काही सीडींवर 'डिजिटल ऑडिओ' किंवा 'फॉर म्युझिक' असे छापलेले असते आणि किंमतही अधिक असते. संगीतासाठी त्या खास बनवल्या असाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या शिक्क्याचा उगम कायद्यात आहे. अमेरिकेतील १९९२ च्या ऑडिओ होम रेकॉर्डिंग कायद्याने घरगुती डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या साधनांवर व कोऱ्या माध्यमांवर कलावंत-निर्मात्यांसाठी अधिभार लावला. हिफी संचात जोडायचे स्वतंत्र सीडी रेकॉर्डर अधिभार भरलेलीच चकती स्वीकारतील, अशी खूण मग चकतीतच घालण्यात आली. संगणकाचा रायटर ही खूण पाहत नाही. भारतात असा अधिभार नाही. तेव्हा ज्याच्याकडे तसा स्वतंत्र रेकॉर्डर आहे त्याला ही चकती घ्यावीच लागते. संगणकावर काम करणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचा विचार संगीतासाठी करू नये. तिचे परावर्तन इतके मंद असते की अनेक जुने प्लेअर ती वाचूच शकत नाहीत. क्रम ठरवताना कच्ची प्रत म्हणून ती ठीक.

मिनिटे आणि वेग

सध्या मिळणारी सीडी बहुधा ८० मिनिटांची, म्हणजे ७०० मेगाबाइटची असते. पूर्वी ७४ मिनिटांची सर्रास मिळे. ९० किंवा ९९ मिनिटांच्या चकत्या मानकाबाहेरच्या आहेत. खोबणीचे वेढे अधिक दाटीने घातल्याने काही प्लेअर शेवटच्या मिनिटांत चाचपडू लागतात. साठ मिनिटांची कॅसेट एका सीडीत आरामात बसते. नव्वद मिनिटांची बसत नाही. अशा वेळी कडेला आलेला ख्याल कापण्यापेक्षा कॅसेटची एक बाजू एका सीडीवर, असा हिशेब ठेवणे बरे. रिकामी राहिलेली जागा वाया जात नाही. चकतीची बाहेरची कड, जेथे दोष आणि हाताळणीचे डाग अधिक असतात, ती आपोआप टळते.

वेगाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. चकतीवर ५२× लिहिले आहे म्हणून त्याच वेगाने लिहिणारे एका बाजूला, आणि संगीत नेहमी १× किंवा २× वेगानेच लिहावे असे सांगणारे दुसऱ्या बाजूला. दुसरा सल्ला १९९० च्या दशकातील चकत्यांसाठी योग्य होता. आजची रंगद्रव्ये अधिक वेगासाठी जुळवलेली असतात व अगदी संथ लेखनाने त्यांवरील खुणा उलट विस्कळीत होऊ शकतात. मधला मार्ग, म्हणजे १६× ते २४×, बहुतेक रायटर-चकती जोड्यांना मानवतो. १६× वेगाने ८० मिनिटांचे संगीत लिहिण्यास पाच-सहा मिनिटे लागतात. एवढा धीर धरण्यास हरकत नसावी. यामाहा कंपनीने २००० नंतरच्या काही रायटरमध्ये खुणा मुद्दाम लांब लिहिण्याची सोय दिली होती. तिने ८० मिनिटांच्या चकतीवर ६८ मिनिटेच मावत, पण खुणा अधिक स्पष्ट उमटत. ध्वनिरसिकांत ते यंत्र बरेच नावाजले गेले.

ऐकण्याची प्रत, जपण्याची प्रत

चकती कोणतीही निवडली तरी तिच्यावर काय लिहायचे, हा निर्णय तितकाच महत्त्वाचा आहे. कोणत्याही प्लेअरवर वाजणाऱ्या ऑडिओ सीडीत ध्वनी ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिट या मापाने साठवला जातो. चुका दुरुस्त करण्याची दोन स्तरांची व्यवस्था तीत असते आणि तिच्याही पलीकडची चूक आली तर प्लेअर शेजारच्या मापांवरून अंदाजाने जागा भरतो. कानाला बहुधा ते कळत नाही. मूळ ध्वनी मात्र तेवढा हरवलेला असतो. डेटा सीडीत दुरुस्तीचा आणखी एक स्तर असतो, दर सेक्टरमागे २७६ बाइटचा. म्हणून ऐकण्यासाठी ऑडिओ सीडी आणि जपण्यासाठी डेटा सीडी, अशा दोन वेगळ्या प्रती करणे इष्ट. डेटा सीडीवर वेव्ह प्रकारची फाइल ठेवली तर सुमारे ६९ मिनिटे मावतात. फ्लॅक प्रकारात ध्वनीची हानी न होता फाइल लहान होते आणि आतील मजकूर जसाच्या तसा आहे की नाही हे पडताळण्याची खूणही फाइलमध्येच असते. एमपीथ्री ही एकमेव प्रत म्हणून कधीही ठेवू नये. गाळलेला ध्वनी परत येत नाही.

भारतीय संगीतासाठी एक बाब विशेष जपावी लागते. आलापातून बंदिशीत, विलंबितातून द्रुतात जाताना मैफल थांबत नाही. सॉफ्टवेअरने एकेक ट्रॅक स्वतंत्रपणे लिहिला तर मध्ये दोन सेकंदांची शांतता पडते आणि तानपुरा अचानक तुटतो. 'डिस्क अ‍ॅट वन्स' हा पर्याय निवडून मधले अंतर शून्य केले की प्रवाह अखंड राहतो. तरीही जोडावर टिकटिक ऐकू आली, तर फाइल चुकीच्या जागी कापलेली असते. सीडीवर सेकंदाचे ७५ भाग असतात आणि प्रत्येक भागात ५८८ नमुने बसतात; कापणी या भागांच्या सीमेवरच करण्याची सोय बहुतेक ध्वनिसंपादकांत असते.

प्लेअरच्या पट्टीवर गाण्याचे नाव दाखवणारी सीडी-टेक्स्ट ही सोय देवनागरी जाणत नाही, त्यामुळे रागांची नावे तेथे रोमन लिपीतच द्यावी लागतात. डेटा सीडीवरील फाइलींना मात्र देवनागरी नावे देता येतात. गायक, राग, साथीदार, स्थळ, तारीख हे तपशील ज्यांना आठवतात ती माणसे आहेत तोवर साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून त्याच चकतीवर ठेवावेत.

लिहून झाल्यावर

सीडी वाजली म्हणजे ती चांगली लिहिली गेली, असे होत नाही. नव्या चकतीतही लहान चुका असतातच; प्लेअर त्या मुकाट्याने दुरुस्त करत असतो. मानकानुसार पहिल्या स्तरावर सेकंदाला सरासरी २२० पर्यंत चुका खपतात. चांगल्या चकतीवर त्या याच्या कितीतरी खाली असतात. दुसऱ्या स्तरावरही न सुटणारी चूक मात्र एकही नसावी. ही मोजणी सर्व रायटर करू देत नाहीत. ज्यांचा रायटर करू देतो त्यांनी ती जरूर करावी. इतरांसाठी सोपा उपाय आहे. डेटा सीडी लिहिताना 'व्हेरिफाय'चा पर्याय चालू ठेवावा आणि ऑडिओ सीडी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या सॉफ्टवेअरने पुन्हा संगणकावर उतरवून पाहावी. उतरवताना ड्राइव्ह वारंवार मंदावत असेल तर चकती बाद समजावी.

चिकटवायची छापील लेबले टाळावीत. त्यांच्या कडा सुटतात, चकतीचा तोल जातो आणि लेबल ओढले तर खालचा धातूही निघून येतो. नाव लिहायचे ते पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. मुंबई, कोकण आणि गोव्यातील पावसाळी हवा हा सीडीचा मोठा शत्रू होय. मध्य अमेरिकेतील बेलीझमधून आलेल्या चकत्यांच्या थरांत बुरशी वाढून त्या नष्ट झाल्याचे स्पेनमधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले होते. दमट, उष्ण हवेत हे घडू शकते. चकत्या कडक प्लास्टिकच्या डबीत, उभ्या, भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवाव्यात. सिलिका जेलची पुडी ठेवली तर ती दरवर्षी बदलावी. मोटारीच्या काचेखाली तापणारी सीडी ही नेहमीच नक्कल असावी.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सीडी-आरवर एकमेव आधार म्हणून विसंबू नये असेच सुचवतात, आणि मूळ ध्वनी ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिटपेक्षा कमी मापाने घेऊ नये असेही सांगतात. ते माप ऑडिओ सीडीत बसत नाही. म्हणून फीत उतरवताना मोठ्या मापाची फाइल करावी, तिची एक प्रत हार्डडिस्कवर, दुसरी डेटा चकतीवर आणि तिसरी दुसऱ्या गावातील नातलगाकडे ठेवावी. ऑडिओ सीडीसाठीचे रूपांतर सर्वांत शेवटी करावे. शिळेसारख्या कठीण थरात लिहिणाऱ्या एम-डिस्क डीव्हीडी व ब्लू-रे प्रकारांत निघाल्या, सीडीत नाहीत. त्यांचा उपयोग फाइली जपण्यापुरता. दोन-तीन वर्षांनी प्रत्येक चकती एकदा पूर्ण वाचून पाहावी आणि वाचनास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू लागला की त्याच आठवड्यात नवी प्रत करावी. मूळ कॅसेट मात्र फेकू नये. टेपहेडचा कोन त्या फितीशी नीट जुळवला तर पहिल्या वेळी मंद वाटलेल्या आवाजातही वरचे स्वर पुष्कळदा पुन्हा उघडतात, आणि ते काम फीत हाती असेल तरच करता येते.